किलवरची दुर्री

मी आयुष्यात एकदाच चोरी केली. तीही भर दिवसा, आगगाडीत, आणि नानांच्या शेजारी बसून!

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या शाळेत गणिताचे मास्तर. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की पोरं विटी-दांडू टाकून पाढे म्हणायला लागत. त्यांना जगात तीन गोष्टींचा राग होता. तंबाखू, उशीर आणि पत्ते. त्यातही पत्त्यांचा जरा जास्तच. एखाद्या पोराच्या दप्तरात पत्त्यांची गड्डी सापडली की नाना ती काढून घेत, टेबलावर एकेक पान मोजत आणि पोराच्या बापाला बोलावून त्याच्या हातात देत. "मोजून घ्या. मास्तरांनी एखादं ठेवून घेतलं असं नको." पण पोरानं सरळ खरं सांगून टाकलं, तर मात्र शिक्षा नाही. खरं बोलणाऱ्याला छडी नाही हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

अशा घरात मी वाढले. वीस वर्षांची झाले तरी पत्ता कसा असतो ते हातात धरून बघितलं नव्हतं. आणि मला तर, काय सांगू, जन्मापासून खोड... जे झाकलेलं असेल ते उघडून बघायची.

सन छप्पनच्या एप्रिलात जळगावची माझी सुनंदाआत्या ओट्यावरून घसरून पडली. पाय मोडला, प्लास्टर घातलं, दीड महिना खाटेवर. तिच्या मदतीला म्हणून नाना मला पोचवायला निघाले. धुळ्याहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलून जळगाव.

चाळीसगावच्या गाडीत समोरच्या बाकांवर चौघे जण गुडघ्यांवर उपरणं अंथरून पत्ते खेळत होते. नानांनी एकदा नाक मुरडलं आणि डोळे मिटून घेतले. मी माझे उघडे ठेवले.

चौघांतला एक जण लग्नाहून परतत असावा. कपाळावर पुसट कुंकू, आणि केसांत एक पिवळी अक्षत अडकलेली. ते त्याला कोणी सांगत नव्हतं. पान टाकताना तो ते आधी क्षणभर हवेत धरायचा, हसायचा आणि मग टाकायचा. काय होतं त्यात एवढं हसण्यासारखं? मी मान लांब करकरून बघत होते. तेवढ्यात खिडकीतून गरम वाऱ्याचा असा झोत आला की उपरण्यावरची पानं उडाली. सगळे "अरे, अरे" करत वेचायला धावले. एक पान सरपटत माझ्या पायाशी आलं.

मी त्यावर चप्पल ठेवली.

का ठेवली? मला फक्त बघायचं होतं. नाना एवढे चिडतात ते कशावर, ते एकदा जवळून बघायचं होतं. बाकी काही नाही!

"ताई, एखादं पान इकडे आलं का हो?" अक्षतवाला वाकून विचारत होता. नानांनी डोळे उघडले.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या चपलेकडे. मग पुन्हा माझ्याकडे...

"असू द्या," तो म्हणाला. "हलकंच होतं."

मला जळगावला पोचवून नाना परत गेले, तेव्हा मी न्हाणीचं दार लावून कमरेला खोचलेलं ते पान बाहेर काढलं. पांढऱ्या पानावर काळी, तीन पाकळ्यांची दोन फुलं. बस्स! एवढ्याचसाठी नाना इतके रागावतात? मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. तरी ते मी ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवून दिलं.

आत्याच्या घरी तिसऱ्या दिवशी दुपारी उलगडा झाला. बळीराम पेठेतलं घर, बाहेर उन्हाच्या झळा, दारं लावून घेतलेली, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं. आतोबा कापसाच्या जिनात कामावर. आत्यानं उशीखालून चष्मा काढला आणि म्हणाली, "कुंदे, तुले मेंढीकोट येतं का व?"

"ते काय असतं?"

"व माय! माह्या भावानं पोरीले काही शिकवलंच नाही." आत्या जळगावजवळच्या असोद्याची. लग्नानंतर वीस वर्षं जळगावात राहिली तरी तिची बोली तशीच होती. "अवं, शेवंताबाई गेली लेकीच्या बाळंतपणाले. आमचा चौथा भिडू गेला. मी इठी पडल्या पडल्या काय भिंतीशी खेळू? आठ दिवसांत शीक. धुळ्याले कोणी सांगत नाही."

भिडू म्हणजे डावातला जोडीदार. एवढं ती सांगते आहे तोवर मागच्या दारानं दोघं आत आले. एक शेजारची मुमताजभाभी, शिंपी रमजानभाईंची बायको. आणि दुसरा... केसांत आता अक्षत नव्हती, पण मी ओळखलं.

"हा कौतिक," आत्या म्हणाली. "मागच्या खोलीत ऱ्हातो. स्टेशनावर पार्सल हापिसात हाये. आपल्या असोद्याच्याच तोतारामभाऊचा पोरगा, पन वाढला भुसावयले, रेल्वेच्या क्वार्टरात. हाच शिकवीन तुले."

"आपण भेटलोय कुठेतरी," तो म्हणाला.

"नाही बाई," मी म्हणाले. दुसरं खोटं!

त्यानं खाटेवर आडवा पाट ठेवला. आत्याचा प्लास्टरचा पाय त्याच्या खाली. पाटावर त्यानं सगळी पानं उलगडून मांडली, एकेका रंगाची एकेक रांग. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. किलवरच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक निराळंच पान होतं. चित्रातला विदूषक, जोकर, आणि त्याच्या पोटावर निळ्या शाईनं ठसठशीत लिहिलेलं - किलवर दुर्री.

"हे काय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"दुर्री म्हणजे दोनचं पान. हरवलं आमचं. गाडीत." तो गड्डी गोळा करत होता. "कोणी नेलं, देव जाणे. म्हणून जोकरला कामाला लावलंय."

मी पदर सावरत बसले. त्यानं वर बघितलंच नाही.

मग शिकवणी सुरू झाली. तो पार्सल ऑफिसातून दोनला सुटायचा, तीनला पाट मांडायचा. मी प्रश्नांवर प्रश्न विचारायची. राणी राजाच्या खाली का? गुलामाला मिशा कशाला? आणि एक्का एकटाच असून सगळ्यांच्या वर कसा?

"एकट्या माणसाला कोणाचं ऐकावं लागत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही एकटेच राहता ना?"

"सध्या."

मुमताजभाभी खोकली. आत्यानं पानाचा डबा उघडून सुपारी शोधली, जी समोरच होती.

मेंढीकोटात दहाच्या पानाला मेंढी म्हणतात हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. आत्या ओरडली, "मेंढी आली, धर!" आणि मी दाराकडे बघितलं. त्यावर तिघं इतकी हसली की आत्याचा पाय दुखायला लागला. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात होतो, हेही तेव्हाच कळलं. चढं पान ज्याचं, हात त्याचा. त्यात सापडल्या मेंढ्या त्याच्या. आत्या आणि मुमताजभाभी भिडू, मी आणि कौतिक भिडू. हात जिंकला की तो पानं माझ्या बाजूला सरकवायचा आणि सहज म्हणायचा, "हा हात आपला."

आपला! दिवसातून आठ-दहा वेळा तो हे म्हणायचा, आणि आठ-दहा वेळा माझे कान तापायचे. एप्रिलचा उन्हाळा, दुसरं काय.

पत्ते पिसायला शिकताना तर मी सगळ्या घरात पानं उडवली. "घट्ट धरू नका," तो म्हणाला. "सैल धरायचं... पण सोडायचं नाही." त्यानं माझ्या हाताला हात लावला नाही. नुसती स्वतःची बोटं माझ्या बोटांशेजारी धरून दाखवलं. लावला असता तर कदाचित मी लवकर शिकले असते, किंवा कधीच शिकले नसते.

आमचं पहिलं भांडण झालं ते एका शब्दावरून. हुकूम म्हणजे काय ते आत्यानं मला नीट शिकवलं होतं. चार रंगांतला एक रंग त्या डावापुरता हुकूम ठरतो आणि बाकी सगळ्यांवर चालतो. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. त्या दिवशी हुकूम होता बदाम. पहिलं पान टाकायची पाळी माझी होती. भिडूशी बोलायचं नसतं, खुणा करायच्या नसतात, पण मी अडले होते. कौतिक खालच्या आवाजात पुटपुटला, "हुकूम टाका."

मी ऐटीत बदामचा राजा टाकला. आत्यानं त्यावर बदामचा एक्का आपटला, मुमताजभाभीनं वर बदामची मेंढी टाकली, आणि डाव गेला.

"हे काय केलंत?" कौतिक कपाळाला हात लावून म्हणाला. "हुकमाचा एक्का होता माझ्याकडे!"

"एक्का तर आत्याकडे होता!"

"बदामचा हो! मी हुकमाचा म्हणतोय. काळा, बदामासारखा, देठाचा."

"ते इस्पिक!"

"तेच... आमच्या भुसावळला, क्वार्टरात, इस्पिकलाच हुकूम म्हणतात."

"सही बोलता है," मुमताजभाभी म्हणाली. "हमारे यहाँ भी हुकुमच बोलते."

"मग हुकमाला काय म्हणता?" मी विचारलं.

"रंग!" दोघं एकदम म्हणाले.

मी पानं खाली ठेवली. "आमच्या धुळ्याला हुकूम म्हणजे नानांचा शब्द."

"आणि त्याला कोण मारतं?"

"कोणीच नाही."

"असा डाव मी अजून बघितला नाही," तो म्हणाला आणि पानं वाटायला लागला.

आठ दिवसांचा महिना झाला. मी मेंढीकोट शिकले, झब्बू शिकले, बदाम-सात शिकले, दोघांतला सात-आठही शिकले. तो केळीच्या वॅगनी भरून यायचा आणि त्याच्या शर्टाला हिरव्या केळीचा वास असायचा. धुळ्याला गेल्यावर हा वास कुठून आणायचा, असं एकदा सहज मनात आलं आणि मी दचकले. गाडीत त्यानं मला ताई म्हटलं होतं. या घरात त्यानं मला एकदाही ताई म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. "अहो, तुमची पाळी," एवढंच. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तशी आत्याच्याही आलीच असणार.

रोज एकदा तरी ते जोकरचं पान कोणाच्या तरी हातात जायचं. माझ्याकडे आलं की मी शाईची ती अक्षरं बघत बसायची. र ला त्यानं किती लांब शेपूट काढलं होतं! आणि खरी दुर्री तिकडे ट्रंकेत. कितीदा ठरवलं, आज देऊन टाकू. पण देताना काय सांगू? आणि दिली की मग ट्रंकेत काय राहील?

मग नानांचं पत्र आलं. आत्याचा चष्मा सापडेना म्हणून मलाच मोठ्यानं वाचावं लागलं, पाट मांडलेला असताना. "...प्लास्टर शुक्रवारी निघणार असे कळले. शुक्रवारी सकाळी पोचतो व कुंदाला घेऊन येतो. रविवारी शिरपूरची मंडळी तिला पाहावयास येत आहेत. मुलगा वकील आहे. सुपारीचेही व्यसन नाही. पत्ते कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. पसंती झाल्यास मी शब्द देणार आहे..."

कौतिक पत्ते पिसत होता. पिसत होता, पिसतच होता.

"कौतिकभाई," मुमताजभाभी म्हणाली, "पत्ते पीसते कि आटा?"

त्यानं पानं वाटली, तीही चुकीची, एकाला चौदा नि एकाला बारा. डाव झाला. दोघी आपापल्या उद्योगाला लागल्या... म्हणजे आत्यानं डोळे मिटले आणि मुमताजभाभीला घरी दूध आठवलं.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत," मी म्हणाले.

"काय बोलू?" तो पाटावरची पानं सारखी करत होता. "मुलगा वकील आहे. मी पार्सल ऑफिसातला कारकून. केळी मोजतो. वरून मास्तरांना ज्याचा राग, तेच माझ्या हातात चोवीस तास." त्यानं जोकर वर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "पत्त्यांत म्हणायचं तर हे पान. सगळ्यात हलकं."

मला रडू आलं आणि रागही आला. सगळं शिकवलं आणि हे कसं विसरला हा माणूस? दुर्री हलकी असते ती हुकूम ठरेपर्यंतच!

आणि तो ठरवायची पाळी कधी ना कधी आपलीही येते.

गुरुवारी दुपारी शेवटचा डाव मांडला. आत्या म्हणाली, "आज बंद हुकूम खेळू." बंद हुकूम म्हणजे ज्याची पाळी असेल त्यानं हुकमाचा रंग सांगायचा नाही. त्या रंगाचं एक पान पालथं झाकून ठेवायचं. खेळताना एखाद्याकडे उतरलेल्या रंगाचं पान नसलं की तो म्हणतो, "हुकूम उघडा." तोवर कोणालाच कळत नाही.

पाळी माझी होती. मी सकाळीच ट्रंक उघडून ठेवली होती. पदराआडून खरी दुर्री काढली आणि आत्याच्या पानाच्या डब्याखाली पालथी सारली. माझी तेराही पानं हातातच राहिली. कोणी मोजली नाहीत.

तीन हात झाले. चौथ्याला मुमताजभाभीनं चौकट उतरली. मी टाकली, आत्यानं टाकली. कौतिकनं हातातली पानं एकदा चाळली, दुसऱ्यांदा चाळली. त्याच्याकडे चौकट नव्हती. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"हुकूम उघडा," तो म्हणाला.

माझा हात डब्याकडे गेला... आणि दारातून आवाज आला, "सुनंदे, पाय कसा आहे?"

नाना! एक दिवस आधी. काखेत छत्री, हातात पिशवी, टोपीखालून घामाच्या धारा.

लपवायला जागाच नव्हती. पाट आत्याच्या पायावर, आत्या खाटेवर, आणि पानं सगळीकडे. नानांनी पाट बघितला, मला बघितलं, माझ्या हातातली पंख्यासारखी धरलेली पानं बघितली.

आत्यानं धीर केला. "भाऊ, हा कौतिक, पार्सल द्याले आला व्हता, आन् -"

"नाही आत्याबाई," कौतिक उठून उभा राहिला. पानं त्यानं मागे लपवली नाहीत, समोरच धरली. "पार्सल नव्हतं. मी पत्ते खेळायलाच आलो. रोज येतो. ह्यांना मीच शिकवलं, मास्तर. ह्यांना येत नव्हतं."

संपलं, मी मनात म्हणाले. आता नाना ह्या माणसाचं नावही घरात काढू देणार नाहीत.

नाना पुढे आले. टोपी काढून खुंटीला लावली, हात पुढे केला. वर्गात करत तसाच.

"द्या."

सगळ्यांनी दिली. मुमताजभाभीनं तर डोक्यावरची ओढणी सारखी करून दोन्ही हातांनी दिली. पाटावरची नानांनी स्वतः उचलली. डबा सरकवून त्याखालचंही उचललं, न बघता. आणि मग, सवयच ती, मोजायला बसले. एक, दोन, तीन...

"किती असायला हवीत?" मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"बावन्न," कौतिक म्हणाला.

नानांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा मोजली. आठी आणखी खोल गेली. नानांना राग आला की ते बोलत, पण हिशेब चुकला की गप्प होत.

"त्रेपन्न आहेत," ते म्हणाले.

खाटेच्या कडेला बसून त्यांनी पानं रंगांप्रमाणे लावायला सुरुवात केली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण चार चिन्हं, तेरा पानं, त्यांच्यासारख्याला किती वेळ लागणार? राग कुठेतरी बाजूला ठेवला गेला होता. मला माझीच न्हाणीतली ती दुपार आठवली. ही बघायची खोड मला कोणाकडून आली ते त्या दिवशी कळलं.

"ही दोन," नाना म्हणाले. एका हातात जोकर, दुसऱ्या हातात खरी दुर्री. "ह्यावर जे लिहिलंय तेच हे पान. मग दोन कशी?"

कौतिक त्या पानाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरले नाही.

खरं बोलणाऱ्याला छडी नाही. मी उभी राहिले.

"ते मी चोरलं, नाना. चाळीसगावच्या गाडीत. तुमच्या शेजारी बसून."

"कशाला?"

"बघायला."

"मग परत का केलं नाहीस?"

"आधी भीती वाटली. नंतर..." मी पाटाकडे बघितलं. "नंतर द्यावंसं वाटलं नाही."

नानांनी कौतिककडे मान वळवली. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं, मास्तर. चपलेखालून कोपरा दिसत होता."

मी बघतच राहिले. म्हणजे महिनाभर... "कोणी नेलं, देव जाणे" म्हणत होता तो!

"मग मागितलं का नाही?"

"तुम्ही डोळे उघडले होते," कौतिक म्हणाला. "मागितलं असतं तर ह्यांना बोलणी बसली असती. आणि पान हलकंच होतं."

नानांनी दुर्री उजेडात धरली. मग गणितातली शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "हे सगळ्यात हलकं पान. मग ते त्या डब्याखाली कशाला ठेवलं होतं?"

"तो हुकूम, भाऊ," आत्या म्हणाली. आता तिचा घसा मोकळा झाला होता. "ते पान ज्या रंगाचं, तो रंग बठ्ठ्या पानांवर चालतो. मंग त्याची दुर्री असो का काही असो. समोर एक्का आला तरी तिच्यापुढे काही नाही."

"वकील आला तरी," मुमताजभाभी हळूच म्हणाली.

नानांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. ते हातातली दुर्री उलटीसुलटी करत होते.

"आणि हा हुकूम कोणता, हे कोण ठरवतं?"

"ज्याची पाळी तो."

"या डावात कोणाची होती?"

खोटं दोनदा बोलून झालं होतं, आता तिसऱ्यांदा बोलायचं नव्हतं.

"माझी," मी म्हणाले. "हुकूम माझा होता, नाना. मी हेच पान ठेवलं."

वाळ्याच्या पडद्यावरून पाणी ठिबकत होतं. नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग त्यांनी खरी दुर्री किलवरच्या रांगेत, जिथे असायला हवी तिथे ठेवली आणि गड्डी सारखी करून कौतिकच्या पुढे धरली.

"मोजून घ्या. बावन्न आहेत."

कौतिकनं घेतली. त्याच्या हातून दोन पानं निसटली. एवढे सराईत हात!

"कुंदा," नाना म्हणाले, "शिरपूरच्यांना काय कळवू?"

नाना मला विचारत होते. मला! वीस वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड उघडलं, पण डोळेच आधी भरून आले, आणि मी कौतिककडे बघून नुसती मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. नानांना बरोबर कळलं.

"सुनंदे, ह्यांच्या वडलांचा पत्ता दे," ते म्हणाले. मग आपणच काय शब्द वापरला ते लक्षात येऊन जरासे हसले. "राहण्याचा."

त्यांना पाणी द्यायला मी माजघरात गेले, तर मागून कौतिक आला, दारातच थांबला.

"महिनाभर गप्प बसलात," मी म्हणाले. "का?"

"मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतं." तो हळू बोलत होता. "मग माझं असं तुमच्याकडे काय राहिलं असतं... कुंदा?"

पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. मी घागरीवर तांब्या आपटला, पाणी सांडलं, आणि खाटेकडून नानांचा आवाज आला, "सुनंदे, ते जोकरचं पान जास्तीचं झालं. ते कोणाचं?"

"माझं!" मी ओरडले.

आजही ते माझ्याच ट्रंकेत आहे, त्याच साडीच्या घडीत. लग्न ठरल्यावर ह्यांनी मला जळगावहून पुष्कळ पत्रं लिहिली. पण मला पहिलं पत्र म्हणून आठवतं ते हेच. त्यात दोनच शब्द आहेत, आणि र चं शेपूट फार लांब आहे.